पिशवी उलटी करा: कुत्र्या-मांजराचं खाद्य कसं निवडावं

कराडला आमचं पशुखाद्याचं दुकान आहे. सरकी पेंड, गोळी पेंड, मक्याचा भरडा, कोंबडीखाद्य, आणि दाराशेजारच्या फळीवर कुत्र्या-मांजरांचं खाद्य. गोळी पेंड घ्यायला आलेला शेतकरी पोतं उलटं करून प्रोटीन किती, फॅट किती, हे वाचल्याशिवाय पैसे काढत नाही. दुधाला फॅट लागला नाही की डेअरीत दर पडतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तोच माणूस जाता जाता म्हणतो, "वहिनी, कुत्र्याचं कुठलं बी द्या एक." तेव्हा मी कुत्र्याच्या खाद्याची पिशवीही उलटी करून त्याच्या हातात देते.

मागच्या बाजूला आधी एकच वाक्य शोधायचं: 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड', आणि त्याच्यापुढे कुठल्या वयासाठी ते. याचा अर्थ, दुसरं काही न देता फक्त हेच घातलं तरी जनावराला लागणारं सगळं त्यात आहे. 'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'ट्रीट' लिहिलेलं असेल तर ते तोंडी लावणं आहे, जेवण नव्हे. मांजराच्या छोट्या पाऊचमध्ये हा घोटाळा फार होतो. दोन्ही प्रकारची पाऊच दिसायला सारखीच असतात आणि लोक महिनोन्‌महिने तोंडी लावण्यावरच मांजर वाढवतात.

मग आकडे. अमेरिकेतल्या आफ्को या संघटनेचे किमान आकडे बऱ्याच कंपन्या धरतात. पाणी वगळून मोजलं तर मोठ्या कुत्र्याला १८ टक्के प्रोटीन, पिल्लाला २२.५, मोठ्या मांजराला २६ आणि मांजराच्या पिल्लाला ३०. यातलं 'पाणी वगळून' महत्त्वाचं. ओल्या पाऊचवर ९ टक्के प्रोटीन वाचून लोक ते परत ठेवतात. पण त्यात ८० टक्के पाणी असतं. उरलेल्या २० भागांत ९ भाग प्रोटीन, म्हणजे ४५ टक्के झालं. कोरड्या दाण्यांवर ३० टक्के लिहिलंय आणि पाणी १० टक्के आहे, तर ३० भागिले ९०, म्हणजे ३३. हा हिशेब मी पावतीच्या मागे करून देते.

प्रोटीनचा आकडा मोठा म्हणून सगळं आलं असंही नाही. हे मी मोतीकडून शिकले. मोती आमचा पहिला कुत्रा, दीड महिन्याचा असताना आणलेला. लाडाचा, म्हणून त्याला रोज बिनहाडाचं उकडलेलं चिकन आणि भात. चार महिन्यांचा झाला तेव्हा पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले आणि पायरी चढताना तो ओरडायला लागला. मांसात फॉस्फरस भरपूर असतो, कॅल्शियम जवळजवळ नसतंच. मग शरीर ते हाडांतून ओढून घेतं. डॉक्टरांनी आहार बदलला, तो चालायला लागला, पण पाय पूर्ण सरळ कधीच झाले नाहीत. पोटभर खात होता आणि आतून उपाशी होता. अकरा वर्षं ते पाय मी रोज पाहिले.

म्हणून घरचंच करून घालायचं असेल, तर प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्या. २०१३ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यातल्या ९५ टक्क्यांमध्ये किमान एक तरी आवश्यक घटक कमी भरला, आणि त्यातल्या काही तर पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. उलट बाजूही सांगते. पिल्लाचं पूर्ण खाद्य चालू असेल तर वरून कॅल्शियमचं औषध पाजू नका. लॅब्राडोर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांची हाडं जादा कॅल्शियमनेही बिघडतात.

भाकरी मात्र कुत्र्याला वर्ज्य नाही. माणसाजवळ राहून कुत्र्याला पिष्ट पचवायची ताकद आली आहे. लांडग्यापेक्षा त्याच्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती जास्त असतात, हे २०१३ सालीच प्रसिद्ध झालं. फक्त प्रमाण सांभाळा: दिवसाच्या कॅलरींपैकी १० टक्क्यांपर्यंत वरचं चालतं. मध्यम गावठी कुत्र्याला ते म्हणजे एक उकडलेलं अंडं आणि भाकरीचा चतकोर. कालवण त्यावर ओतू नका. कांदा आणि लसूण, शिजवलेलेसुद्धा, कुत्र्या-मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, मांजराच्या तर थोडक्यातच. दुसरं आमच्या भागाचं: तासगाव इथून जवळ, घरोघर बेदाणे असतात, आणि शिऱ्यातला बेदाणा कौतुकाने कुत्र्याला दिला जातो. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड बंद पडू शकतं. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेली साखरविरहित च्युइंगगम त्याच पंक्तीतली. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांचे टोकदार तुकडे होतात.

मांजराचं गणित वेगळं आहे, आणि इथे मी ग्राहकाशी वाद घालते. घरात कुत्रा-मांजर दोन्ही असले की लोक एकच मोठी पिशवी नेतात. मांजराला टॉरिन नावाचा पोषक घटक अन्नातूनच मिळावा लागतो आणि तो मांसा-मासळीत असतो. कुत्र्याच्या खाद्यात तो मांजरापुरता असेलच असं नाही. १९८७ साली डेव्हिसच्याच संशोधकांनी दाखवलं, की टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून दुबळं होतं आणि टॉरिन दिल्यावर सुधारतं. डोळ्याचा पडदाही त्याने झिजतो. गाजरातून जीवनसत्त्व अ तयार करणंही मांजराला जमत नाही. म्हणून शाकाहारी घरांना मी स्पष्ट सांगते: मांजराच्या खाद्याची पिशवी घरात चालणार नसेल, तर मांजर पाळू नका. कुत्रा नीट ठरवलेल्या शाकाहारावर राहू शकतो, मांजराला ते सोसत नाही.

आणि दूध. मांजर डोळे मिटून दूध पितं हे खरं, पण बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. त्यापेक्षा पाणी पोटात जायला हवं. मांजर मुळात कमी पाणी पितं, म्हणून दिवसातून एक वेळ ओलं खाद्य द्या. बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये बसून जोर करतोय आणि लघवी होत नाहीये, असं दिसलं तर खाद्य बदलत बसू नका. त्याच तासाला दवाखाना गाठा.

किती घालायचं? वजनाला ३० ने गुणायचं, त्यात ७० मिळवायचे. १८ किलोच्या कुत्र्याचे ६१० झाले. नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्यासाठी त्याच्या साधारण १.६ पट, म्हणजे जवळपास ९७५ कॅलरी. १०० ग्रॅम दाण्यांत ३५० कॅलरी असतील तर २८० ग्रॅम, दोन वेळांत वाटून. घरातल्या मांजराला १.२ पट पुरतात. वाटीने मोजू नका, काट्यावर तोला. या हिशेबाने पिशवी किती दिवस जाते ते काढा आणि किंमत दिवसाला किती पडते ते बघा. स्वस्त पिशवीतले दाणे हलके, म्हणजे कमी कॅलरीचे, असतील तर ते जास्त घालावे लागतात, आणि स्वस्ताई तिथेच संपते.

सुटं खाद्य मी विकायचं बंद केलं, कुणी कितीही मागितलं तरी. उघड्या पोत्यात चरबी खवट होते, पावसाळ्यात बुरशी धरते, आणि मुदतीची तारीख तर पोत्याबरोबरच जाते. घरी आणलेली पिशवीही डब्यात रिकामी करू नका. पिशवीसकट डब्यात ठेवा आणि महिनाभरात संपेल एवढीच घ्या.

खाद्य बदलताना आठवडा घ्या. पहिले दोन दिवस नवं पाव हिस्सा, मग दोन दिवस निम्मं, मग पाऊण, सातव्या दिवशी पूर्ण. मांजराने नवं नाकारलं तर 'भूक लागल्यावर खाईल' म्हणून ताणू नका. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतात चरबी साचून जीवावर बेततं.

दीड-दोन महिन्यांनी हाताने तपासा. बरगड्या दिसायला नकोत, पण हलका हात फिरवला की बोटांना लागायला हव्यात. बोटं दाबून शोधावी लागली तर रोजच्यातले दाणे दहा टक्क्यांनी कमी करा. शी बांधीव हवी, केस कोरडे नकोत. वजनासाठी दुकानातला पोती तोलायचा काटा आहेच. कुत्र्याला उचलून घेऊन उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. मी तारीख आणि वजन पिशवीवरच पेनने लिहून देते.