या चुका टाळा : उतरत्या वयाचे हिटर आणि बुलपेनमधले पिचर

ऑक्टोबरमध्ये बेसबॉलचे निर्णायक सामने आले की आमच्या मेरीलँडच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीच वाक्यं फिरू लागतात. ‘हा म्हातारा झाला, काढा याला.’ ‘याच्या नावावर पन्नास सेव्ह आहेत, हाच पाहिजे.’ ‘क्लोजर राखून ठेवा, शेवटी लागेल.’ (पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, हिटर म्हणजे बॅटने मारणारा, बुलपेन म्हणजे राखीव पिचरांची जागा, आणि क्लोजर म्हणजे आघाडी टिकवून सामना संपवायला आणलेला पिचर.) मी बाल्टिमोर ओरिओल्स या संघाचा चाहता आहे आणि या तिन्ही वाक्यांची किंमत माझ्या संघाने मोजलेली मी पाहिली आहे. नव्याने बेसबॉल बघणाऱ्यांचा उत्साह मला मनापासून आवडतो. पण पहिल्याच मोसमात मॅनेजरला अक्कल शिकवण्याची घाई झालेली असते, तिथे मला राहवत नाही.

क्लोजर राखून ठेवणे

ही सगळ्यांत महाग चूक, आणि तिच्या मुळाशी ‘सेव्ह’ नावाचा आकडा आहे. 1969 पासून सेव्ह अधिकृतपणे मोजला जातो. पिचरला तो मिळायला संघ जिंकला पाहिजे, शेवटचा आऊट होईपर्यंत मैदानावर तोच पिचर पाहिजे, आणि तो आला तेव्हा आघाडी फार मोठी नको. नेहमीचा प्रकार म्हणजे तीन किंवा कमी धावांची आघाडी घेऊन शेवटची एक इनिंग टाकणे (सामना एरवी नऊ इनिंगचा, प्रत्येकीत दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात). नोंद ठेवायला हा नियम ठीक आहे. पण मॅनेजर लोक त्या नोंदीप्रमाणे संघ चालवू लागले. आघाडी नसेल तर क्लोजर नाही, नववी इनिंग नसेल तर क्लोजर नाही.

याचा सर्वांत वाईट परिणाम मी 4 ऑक्टोबर 2016 च्या रात्री पाहिला. टोरोंटोत वाइल्ड कार्डचा सामना, हरला तो घरी. ओरिओल्सकडे झॅक ब्रिटन होता. त्या मोसमात 47 पैकी 47 सेव्ह, 67 इनिंग, ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर जाणाऱ्या अर्न्ड रन) 0.54. म्हणजे सहा महिन्यांत त्याच्या खात्यावर फक्त चार अर्न्ड रन, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकीशिवाय गेलेल्या धावा. त्याचा सिंकर (खाली पडत जाणारा चेंडू) बॅटला लागला तरी जमिनीतच जायचा. मेरीलँडमधल्याच कोलंबिया गावात एका मित्राच्या घरी आम्ही पाच-सहा घरची मंडळी टीव्हीसमोर बसलो होतो. पाचव्या इनिंगपासून स्कोअर 2-2 वर अडकलेला. आमचे मॅनेजर बक शोवॉल्टर एकामागून एक रिलीव्हर (मध्येच बदली येणारे पिचर) आणत होते आणि ब्रिटन बुलपेनमध्ये हात मोकळा करून पुन्हा बसत होता.

माझं बोलणं सुरू झालं तसं घरातले थोरले दादा म्हणाले, “अरे, आघाडी कुठे आहे अजून? ब्रिटनला आत्ता संपवलास तर शेवटी कोण टाकणार?”

“दादा, शेवट आत्ताच चालू आहे.”

हे नीट समजून घ्या, कारण अजूनही निम्म्या लोकांना ते पटत नाही. ओरिओल्स पाहुणा संघ होता. पाहुण्या संघाचा स्कोअर नवव्या इनिंगनंतर बरोबरीत असेल, तर यजमानांची एक धाव निघाली की खेळ खलास. त्यानंतर तुम्हाला बॅटिंग नाही. म्हणजे खालच्या, यजमानांच्या बॅटिंगच्या, अर्ध्या इनिंगमधला प्रत्येक बॅटर हा सामन्याचा शेवटचा बॅटर असू शकतो. नंतर येईल की नाही माहीत नाही अशा आघाडीसाठी सर्वांत चांगला पिचर राखायचा, आणि आत्ता, एका फटक्यात सामना जाऊ शकतो तेव्हा, दुसऱ्याला उभा करायचा, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

अकराव्या इनिंगमध्ये एक आऊट झाल्यावर उबाल्डो हिमेनेझ आला. एरवी तो सुरुवातीचा पिचर, म्हणजे पहिल्या इनिंगपासून टाकणारा. डेव्हन ट्रॅव्हिसचा सिंगल (पहिल्या बेसपर्यंत पोचवणारा फटका), जॉश डोनाल्डसनचा सिंगल, आणि एडविन एन्कार्नासियोनने पुढच्याच चेंडूवर तीन धावांचा होम रन मारला, चेंडू थेट मैदानाबाहेर. 5-2. मोसम संपला आणि ब्रिटनने एकही चेंडू टाकला नाही. त्या खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. दादांनी टीव्ही बंद केला.

त्याच महिन्यात क्लीव्हलंडचे मॅनेजर टेरी फ्रँकोना यांनी रिलीव्हर अँड्र्यू मिलरला पाचव्या, सहाव्या, सातव्या इनिंगमध्ये आणलं. जिथे सामना फिरायची शक्यता, तिथे आपला सर्वांत चांगला हात. मिलर अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि क्लीव्हलंड वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यापर्यंत गेलं. दोन वर्षांपूर्वी, 2014 मध्ये, हाच मिलर आमच्याकडे होता, म्हणून ते बघताना जास्तच लागलं.

आपल्या लोकांकडून ही चूक जास्त होते, आणि त्याचं कारण क्रिकेट आहे असं माझं ठाम मत आहे. टी-20 मध्ये गोलंदाजाला चार षटकं मिळतात. दोन आधी टाकायची, दोन शेवटी. म्हणून ‘शेवटासाठी राखणं’ आपल्या अंगवळणी पडलंय. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही, आणि सामना किती इनिंगचा होणार हेही आधी ठरलेलं नसतं. क्रिकेटची ही सवय इथे आणू नका.

माझी पद्धत साधी आहे. सातव्या इनिंगपासून मी पुढचे तीन बॅटर कोण ते बघतो. समोरच्या फळीतले सर्वांत धोकादायक तिघं आठव्यात येणार असतील, तर माझ्या दृष्टीने सर्वांत चांगला रिलीव्हर आठव्यातच आला पाहिजे. नवव्यात तळाचे तिघं आले तर तिथे दुसरा चालतो, सेव्ह त्याला मिळाला तर मिळू दे.

सेव्हच्या आकड्यावर भाळणे

जिम जॉन्सन. 2012 मध्ये 51 सेव्ह, 2013 मध्ये 50. दोन्ही वर्षं ओरिओल्सकडून. पण दुसऱ्या वर्षी त्याने नऊ संधी घालवल्या होत्या, त्याकडे कोणी बघत नव्हतं. डिसेंबर 2013 मध्ये संघाने त्याला ओकलंडला देऊन टाकला, तेव्हा इथे लोकांनी केवढा आरडाओरडा केला. ओकलंडमध्ये पहिल्या महिन्यातच त्याचं क्लोजरपद गेलं आणि त्याच उन्हाळ्यात त्याला संघातूनही सोडून दिलं. बाल्टिमोरला ती जागा कोणी घेतली? याच ब्रिटनने, जो सुरुवातीचा पिचर म्हणून जमला नव्हता. 37 सेव्ह, पहिल्याच वर्षी. क्लोजर बहुतेक वेळा असेच घडतात. तयार क्लोजरसाठी तिजोरी उघडणाऱ्या संघांनी हे दर जुलैला, खेळाडूंच्या अदलाबदलीच्या वेळी, भिंतीवर लिहून ठेवावं.

एका मोसमाच्या ईआरएवरून निकाल देणे

रिलीव्हर वर्षभरात साठ-सत्तर इनिंग टाकतो. दोन वाईट रात्रींनी त्याचा ईआरए बिघडतो, थोड्या नशिबाने चमकतो. शिवाय तो आला तेव्हा बेसवर आधीच उभे असलेले रनर धावले, तर त्या धावा आधीच्या पिचरच्या नावावर जातात, याचा ईआरए निर्मळच राहतो. एडविन डियाझ 2018 मध्ये सिएटलला 57 सेव्ह करून आला, 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्सकडे 5.59 चा ईआरए, 2022 मध्ये 1.31. न्यूयॉर्कमध्ये त्याला मधल्या काळात शिव्या घालणारे लोक तेच, नंतर तो मैदानात येताना वाजणाऱ्या तुतारीच्या गाण्यावर नाचणारेही तेच. मी स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद झालेले बॅटर) आणि वॉक (चार बाहेरचे चेंडू टाकून फुकट दिलेला बेस) बघतो, दुसरं फारसं काही नाही. 2022 मध्ये डियाझने 62 इनिंगमध्ये 118 बॅटर स्ट्राइकआऊट केले होते.

एका डावखुऱ्या बॅटरसाठी डावखुरा पिचर मागणे

डावखुऱ्या बॅटरला डावखुरा पिचर अवघड जातो, हे खरं. पण 2020 पासून रिलीव्हरला किमान तीन बॅटर तरी खेळवावे लागतात किंवा इनिंग संपवावी लागते. ओरडण्याआधी पुढचे दोन बॅटर बघा.

हिटरचा जन्मदाखला बघून निकाल देणे

ही माझी दुसरी मोठी तक्रार, आणि इथे बाल्टिमोरने दोन्ही बाजूंनी धडा दिला आहे.

नेल्सन क्रूझ 2014 मध्ये फक्त एका वर्षासाठी, 80 लाख डॉलरवर आला. त्याआधीच्या वर्षी त्याच्यावर उत्तेजक औषधांच्या प्रकरणात 50 सामन्यांची बंदी आली होती, म्हणून तो स्वस्तात मिळाला. ती चूक त्याचीच, आणि मी ती विसरलेलो नाही. पण त्याने 40 होम रन मारले, संघाने विभाग जिंकला. मोसम संपला तेव्हा त्याचं वय 34. ओरिओल्सना त्या वयाला लांब करार द्यायचा नव्हता. सिएटलने चार वर्षं दिली. त्या चार वर्षांत त्याने 44, 43, 39 आणि 37 होम रन मारले. मग मिनेसोटाला जाऊन 2019 मध्ये आणखी 41, तेव्हा तो 39 वर्षांचा झाला होता.

आता दुसरी बाजू. ख्रिस डेव्हिस. 2013 मध्ये 53 होम रन, ओरिओल्सचा विक्रम. 2015 मध्ये 47. जानेवारी 2016 मध्ये संघाने त्याला सात वर्षांसाठी 16.1 कोटी डॉलर दिले, ज्यातले काही हप्ते 2037 पर्यंत जात राहणार आहेत. करार झाला तेव्हा तो 29 वर्षांचा होता. ‘तरुण आहे, चिंता नको,’ असं सगळे म्हणत होते. पुढे होम रन झाले 38, 26, 16, 12. 2018 मध्ये बॅटिंगची सरासरी (दर संधीमागे मिळालेले हिट, म्हणजे बेस मिळवून देणारे फटके) .168. सप्टेंबर 2018 ते एप्रिल 2019 सलग 54 वेळा त्याला एकही हिट मिळाला नाही. मोसमाच्या मध्यात, 2021 च्या ऑगस्टमध्ये, त्याने निवृत्ती जाहीर केली.

खुणा आधीपासून होत्या. 2014 मध्ये त्याची सरासरी .196 होती. 2015 मध्ये 47 होम रन होते खरे, पण 208 स्ट्राइकआऊटही होते. लोकांनी 47 बघितले.

वय हिटरला कसं पकडतं ते बघायला शिका. ताशी 95 मैलांचा फास्टबॉल साधारण 0.4 सेकंदात प्लेटवर, म्हणजे हिटरसमोर, येतो. बॅटचा वेग थोडासा जरी मंदावला, तरी हिटरला बॅट फिरवायचा निर्णय आधी घ्यावा लागतो. आधी घेतलेला निर्णय वळणाऱ्या चेंडूवर फसतो. मग पिचर त्याला वर, छातीच्या उंचीला फास्टबॉल टाकतात आणि नंतर खाली पडणारा. तरीही चुकून मधोमध आलेल्या मंद चेंडूवर तो होम रन मारतच राहतो, कारण दंडातली ताकद सर्वांत शेवटी जाते. म्हणून होम रनचा आकडा बरेच दिवस फसवतो. नजरही टिकते, वॉक मिळत राहतात. जाते ती सरासरी, आणि त्याआधी पाय आणि पाठ: घोटे, टाच, कंबर. आल्बर्ट पुहोल्सची टाच आणि मिगेल काब्रेराची पाठ या दोघा मोठ्या हिटरांच्या शेवटच्या वर्षांबद्दल बोलताना कोणी विसरू नये.

क्रूझच्या बाबतीत बॅटचा वेग टिकला. 2015 पासून प्रत्येक फटक्याचा वेग मोजला जातो आणि तो आकडा सर्वांना मोफत बघता येतो. 39 व्या वर्षीही क्रूझचे फटके लीगमधल्या सर्वांत वेगवान फटक्यांत होते.

माझी सवय सांगतो. एप्रिल-मेमध्ये मी ज्येष्ठ हिटरचे फाऊल (रेषेबाहेर गेलेले फटके) बघतो. उजव्या हाताचा हिटर वेगवान फास्टबॉल सतत उजव्या बाजूच्या प्रेक्षकांत घालवत असेल, तर तो उशिरा पोचतोय. होम रन होत असतील तरी मी त्याच्याकडून फार आशा धरत नाही. घाईच्या लोकांना हे कंटाळवाणं वाटतं, त्यांना एका वाक्यात निकाल हवा असतो. पण डोळ्यांनी शंभर-दीडशे चेंडू बघितल्याशिवाय हे कळत नाही आणि त्याला जवळची वाट नाही.

जुना करार संपायच्या आतच नवा देणे

फिलाडेल्फियाने रायन हॉवर्डला एप्रिल 2010 मध्ये 12.5 कोटी डॉलरचा करार दिला, जो 2012 पासून सुरू होणार होता. ऑक्टोबर 2011 मध्ये मोसमाच्या शेवटच्या आऊटला त्याची टाचेची नस तुटली. डेट्रॉइटने काब्रेराला 2014 मध्ये आठ वर्षांसाठी 24.8 कोटी दिले, सुरुवात 2016 पासून. पहिलं वर्ष सुंदर, 38 होम रन. पुढच्या वर्षी 16. मालकांना आवडता खेळाडू हातून जायची भीती वाटते, हे मला समजतं. पण दोन वर्षांनंतरच्या गुडघ्यांचा अंदाज आज कोणालाच बांधता येत नाही.

मोठं नाव बघून बुलपेन भरणे

2024 मध्ये फेलिक्स बाउटिस्टा कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे बाहेर होता, म्हणून ओरिओल्सनी क्रेग किंब्रेलला 1.3 कोटी डॉलरवर आणलं. मोसमाचा पहिला भाग बरा गेला, 23 सेव्ह झाले. सप्टेंबरमध्ये प्लेऑफच्या तोंडावर त्याला सोडून द्यावं लागलं, ईआरए 5.33. वॉक वाढत होते ते आठवड्यांपूर्वीच दिसत होतं.

पडत्या काळात हुर्यो उडवणे

डेव्हिस 54 वेळा रिकाम्या हाती परतत होता, तेव्हा ओरिओल्सच्या कॅम्डन यार्ड्स मैदानावर त्याला हिणवणारे होते आणि त्यांत आपली काही मंडळीही होती. करार संघाने दिला, त्याने बंदूक रोखून घेतला नव्हता. त्याच 2019 मध्ये त्याने आणि त्याच्या पत्नीने बाल्टिमोरमधल्या मुलांच्या रुग्णालयाला 30 लाख डॉलर दिले. बॅटिंगवर हवी तेवढी टीका करा, ती मीही वर केली आहे. माणसाला हिणवू नका.

‘संपला’ म्हणून पूर्ण पुसून टाकणे

पुहोल्सने अँजल्सबरोबर दहा वर्षांचा, 24 कोटींचा करार केला तेव्हा तो जवळपास 32 वर्षांचा होता. सेंट लुईसमधल्या अकरा मोसमांची .328 ची सरासरी अँजल्सकडे .256 वर आली, आणि मे 2021 मध्ये त्यांनी त्याला काढून टाकलं. सगळ्यांनी तिथेच टाळ्या वाजवून निरोप दिला. 2022 मध्ये सेंट लुईसने त्याला परत नेलं आणि रोज खेळवायचा हट्ट धरला नाही. नॅशनल लीगमध्येही त्या वर्षापासून डेसिग्नेटेड हिटर (क्षेत्ररक्षण न करता फक्त बॅटिंग करणारा) आला होता, त्यामुळे मैदानात पळायचं ओझं कमी झालं, आणि त्याच्यासारख्या उजव्या हाताच्या हिटरला सोपे जाणारे डावखुरे पिचर समोर असताना त्याला जास्त संधी दिली गेली. 24 होम रन. 23 सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये एकाच सामन्यात कारकिर्दीतला 699 वा आणि 700 वा. शेवटचा आकडा 703.

तेव्हा चाळिशीतला हिटर एखाद्या दिवशी डगआऊटमध्ये बसलेला दिसला, तर ग्रुपवर मेसेज टाकण्याआधी समोरचा पिचर कोणत्या हाताने टाकतोय एवढं बघून घ्या.