पत्र्याला घाम सुटला तर

पावसाचा मागमूस नसताना थंडीत पहाटे पत्र्यातून थेंब पडत असतील, तर ती गळती नव्हे. वरून डांबर फासून उपयोग नाही. रात्री पत्रा गार पडतो आणि घरातली वाफ त्याला धरते. पत्रा खालून घासून कोरडा करा. १० मिमीचा, एका बाजूला फॉइल असलेला एक्सएलपीई फोम (प्लास्टिकचा मऊ, स्पंजासारखा थर) घ्या. रबर सोल्यूशन पत्र्याला आणि फोमच्या बिनफॉइलच्या बाजूला, दोन्हीकडे लावा, बोटाला लागेनासं झालं की पन्हळीत दाबून चिकटवा, फॉइल खोलीकडे. सांध्यांवर अ‍ॅल्युमिनियम टेप. लोखंडी अँगलही झाका, नाहीतर तोच टपकतो. नुसतं थर्माकोल टेकवलं तर फटीतून वाफ वर जाते आणि मागे बुरशी धरते. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट हवाच.