ख्रिसमसच्या सुट्टीत इटलीत एकच रात्र थांबायचंय, पोट्टे आणि आईबाबा सोबत आहेत, तर गाव असं निवडा

नागपूरची फॅमिली डिसेंबरात युरोपला निघाली की प्लॅन साधारण सारखाच असतो, आधी स्वित्झर्लंड नाहीतर म्युनिक-इन्सब्रुक, मग आल्प्स ओलांडून खाली इटलीत, व्हेनिस, रोम, आणि या सगळ्याच्या मधात एक रात्र अशी उरते की तिचं काय करायचं ते कोणालाच कळत नाही. मग कोणीतरी इन्स्टावर तलावाकाठचं एक गाव बघतं, सगळे वा वा करतात आणि बुकिंग होऊन जातं. सध्या आमच्या ओळखीच्या दोन-तीन घरी हेच चालू आहे आणि सगळे मला विचारून राहिले, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं असं की एका रात्रीसाठी गाव किती सुंदर आहे हे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी बघायचं की त्या तारखेला तिथं काय उघडं असणार, आणि ट्रेनमधून उतरल्यावर पलंगापर्यंत आणि पलंगापासून जेवणाच्या टेबलापर्यंत म्हातारी माणसं आणि बॅगा घेऊन आरामात चालत जाता येतं का. हे दोन जमलं तर साधं गावही मस्त वाटतं, हे नाही जमलं तर कितीही सुंदर गाव असो, सगळे चिडचिड करत झोपतात.

तर पहिलं काम म्हणजे कॅलेंडर काढा. २४ डिसेंबरला दुपारपर्यंत सगळं चालू असतं आणि संध्याकाळ झाली की शटरं खाली यायला लागतात, कारण त्या रात्री तिकडचा माणूस आपल्या घरी जेवतो. २५ ला जवळपास सगळं बंद, सुपरमार्केट बंद, म्युझियम बंद, सिटी बस खूप कमी आणि काही गावांत दुपारनंतर नाहीच, रेस्टॉरंट जी उघडी असतात ती दुपारी ठरलेला मोठा मेन्यू लावतात, तोही महाग आणि आधी बुक केलेला. २६ पण सरकारी सुट्टी आहे, सान स्तेफानोची, पण त्या दिवशी लोक फिरायला बाहेर पडतात आणि गावात जीव येतो. पुढे १ जानेवारी आणि ६ जानेवारी सुट्टी. व्हॅटिकन म्युझियम २५ आणि २६ दोन्ही दिवस बंद असतं हे लक्षात ठेवा, रोमचे दिवस मोजताना लोक नेमकं हेच विसरतात.

म्हणून माझा सल्ला, २४ आणि २५ च्या रात्री मधल्या मुक्कामावर टाकूच नका. त्या दोन रात्री रोमसारख्या मोठ्या शहरात ठेवा जिथं तुम्ही तसेही तीन-चार दिवस राहणार आहात, एखादा दिवस नुसतं पायी हिंडण्यात गेला तरी चालतो, चर्च उघडी असतात, रोषणाई असते, पोट्टे खूश. मधला मुक्काम २३ च्या आधी नाहीतर २७ ते ३० मध्ये बसवा. अगदीच अडलं आणि २५ लाच थांबावं लागलं तर मिलान किंवा बोलोन्यासारखं मोठ्या स्टेशनाचं शहर घ्या, जेवण असलेलं हॉटेल बघा आणि ते जेवण आधीच बुक करा. ३१ ची रात्र पण जपून. बोलोन्यात त्या रात्री बाराला पियात्सा माज्जोरे या मुख्य चौकात 'वेक्योने' म्हणून मोठा पुतळा जाळतात, बघायला भारी आहे पण गर्दी आणि फटाके इतके की लहान बाळ असेल तर चौकाला लागून रूम नको.

आता गावं. मी प्रत्येकाला आधी बोलोन्याच सांगते, आणि लोक नाक मुरडतात कारण त्यांनी ते नाव पास्त्यापुरतं ऐकलेलं असतं. बघा नं, रोम, फ्लॉरेन्स, मिलान, व्हेनिस, व्हेरोना, सगळीकडच्या गाड्या तिथून जातात, फ्लॉरेन्स चाळीस मिनिटांच्या आत, मिलान सव्वा तासाच्या आत-बाहेर, व्हेनिस साधारण दीड तास, रोम सव्वादोन-अडीच तास. म्हणजे कुठूनही आलात आणि कुठंही निघालात तरी वाकडी वाट पडत नाही. दुसरी गोष्ट तिथले पोर्तिको, म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी इमारतींखालून जाणारे कमानींचे झाकलेले फुटपाथ. शहरभर मिळून साठेक किलोमीटर आहेत आणि २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आले. पाऊस असो, बर्फ असो, स्ट्रोलर आणि सासूबाई दोघंही कोरडे राहतात, आणि स्टेशनाजवळून निघणारा व्हिया इंदिपेन्देन्झा हा रस्ता असाच कमानींखालून सरळ पियात्सा माज्जोरेपर्यंत जातो, दीड किलोमीटरच्या आत.

तिथं २६ डिसेंबरच्या आत पोचलात तर सांता लुचियाची जत्रा चुकवू नका, स्त्रादा माज्जोरेवर सांता मारिया देई सेर्वी चर्चच्या कमानींखाली भरते. येशूजन्माचा देखावा घरी मांडायला लागणाऱ्या छोट्या मूर्ती विकतात. आपल्याकडे दिवाळीत पोट्टे किल्ला करून त्यावर मातीचे मावळे आणि गवळणी मांडतात नं, तोच जीव त्या प्रकारात आहे. पाव भाजणारा, कोंबड्या घेऊन चाललेली बाई, ओझं वाहणारा, पाठीवर मेंढरू टाकलेला धनगर, बोटाएवढ्या मूर्ती, आणि तिथली आजी नातवाला हाताशी धरून यावर्षी कोणती नवीन घ्यायची ते दहा मिनिटं ठरवत असते. एखादी घेऊन या, बॅगेत जागा लागत नाही. एक सूचना फक्त, बोलोन्याचे हायस्पीड प्लॅटफॉर्म जमिनीखाली खोल आहेत, सरकते जिने चढत वर यायला दहा-पंधरा मिनिटं धरा, पुढची गाडी बदलायची असेल तर मधात वेळ ठेवा.

म्युनिक किंवा इन्सब्रुककडून ब्रेनर घाटातून उतरत असाल तर गणित बदलतं, मग बोल्झानो, ट्रेन्टो, व्हेरोना हे तिन्ही एकाच रेल्वेलाइनवर आहेत. ज्यांना ख्रिसमस मार्केट म्हणजे लाकडी टपऱ्या, दिवे, गरम सफरचंदाचा रस असं सगळं पाहिजे त्यांनी बोल्झानो घ्यावं, स्टेशनातून बाहेर पडून पाच-सात मिनिटांत वाल्थर चौकात पोचता आणि मार्केट तिथंच. ते साधारण ६ जानेवारीपर्यंत चालतं, २५ ला बंद. सगळी मार्केट इतकी लांबत नाहीत हं, इटलीतली बरीच २६ च्या आसपास गुंडाळतात, म्हणून २८ ला जाणार असाल तर त्या वर्षीच्या तारखा बघूनच गाव ठरवा. बोल्झानोतच ओत्झी ठेवलाय, बर्फात सापडलेला पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा माणूस, १९९१ मध्ये गिर्यारोहकांना दिसला होता. आठ-दहा वर्षांच्या पोट्ट्यांना एखाद्या पेंटिंगपेक्षा हा माणूस जास्त आवडतो, पण तिकीट आधी काढा. अडचण एवढीच की शनिवार-रविवारी तिथली बरीच हॉटेलं एका रात्रीचं बुकिंग घेत नाहीत, दोन-तीन रात्री मागतात, आणि रेट डोळे फिरवणारे. सोमवार ते गुरुवार बघा, नाहीतर ट्रेन्टो बघा.

व्हेरोना मधलं आहे, सगळ्यांना चालेल असं. रोमन काळातलं अरेना, म्हणजे दगडी गोल खुलं प्रेक्षागार, बाहेरून बघायलाच एवढं मोठं आहे की वेगळं काही ठरवायला लागत नाही, आणि पांदोरो हा ख्रिसमसचा उंच चांदणीसारखा केक इथलाच, १८९४ मध्ये याच गावच्या एका मिठाईवाल्याने पेटंट घेतलं. अंडं असतं त्यात, खाणाऱ्यांनीच घ्या. स्टेशन मात्र जुन्या गावापासून दीडेक किलोमीटर आहे, त्यामुळं हॉटेल स्टेशन आणि पियात्सा ब्रा, म्हणजे अरेनासमोरचा चौक, यांच्या मधात घ्या.

व्हेनिस एका रात्रीसाठी आईबाबांसोबत मी नाही सांगणार. पूल, पायऱ्या, बॅगा उचलणं आणि सकाळी परत तेच. त्यापेक्षा मेस्त्रेला, म्हणजे व्हेनिसच्या पाण्याबाहेरच्या भागात, स्टेशनाजवळ राहा, ट्रेनने दहा-बारा मिनिटांत व्हेनिस, हातात काही नाही, रात्री परत. आणि तलावाकाठची ती फोटोतली गावं, बेलाज्जो, सिर्मियोने वगैरे, हिवाळ्यात अर्धी झोपलेली असतात, बरीच हॉटेलं सीझन संपला म्हणून बंद, बोटी कमी. चिंक्वे तेर्रे या समुद्रकाठच्या पाच गावांचंही तसंच. ती एप्रिलनंतर करा, मन भरून करा.

गाव ठरलं की हॉटेल, आणि इथं आपल्या लोकांची एक सवय सोडायला लागते. दोघांच्या रूममध्ये दोन पोट्टे ॲडजस्ट करून घेऊ, हे इटलीत चालत नाही. प्रत्येक पाहुण्याची नोंद हॉटेलवाल्याला पोलिसांच्या सिस्टिममध्ये करायलाच लागते, कायदाच आहे, म्हणून ते सगळ्यांचे पासपोर्ट मागतात, बाळाचा पण. बुकिंग करताना मुलांची खरी वयं टाका आणि 'कामेरा क्वाद्रुप्ला' म्हणजे चार जणांची रूम शोधा, स्टेशनांजवळच्या जुन्या हॉटेलांत अशा सापडतात आणि दोन रूमपेक्षा स्वस्त पडतात. अपार्टमेंट घेत असाल तर जाहिरातीत सीआयएन नंबर, म्हणजे जागेचा सरकारी नोंदणी नंबर, आहे का बघा, २०२५ पासून तो सक्तीचा आहे, नसेल तर तिकडं फिरकू नका. शहराचा टॅक्स माणशी, रात्रीप्रमाणे वेगळा भरायला लागतो, बऱ्याचदा तिथंच काउंटरवर, लहान मुलांना बहुतेक ठिकाणी माफ असतो पण वयाची अट गावागणिक वेगळी.

मग हॉटेलला एक मेल टाका, चारच प्रश्न. लिफ्ट आहे का आणि ती रूमच्या मजल्यापर्यंत जाते का, कारण जुन्या इमारतीत लिफ्टच्या आधी पण एक जिना निघतो. हीटिंग रात्रभर चालू असतं का, कारण बऱ्याच इमारतींत ते ठरलेल्या तासांनाच चालतं, आणि नागपुरात पारा दहावर आला की शेकोट्या पेटवणाऱ्या आपल्याला शून्याच्या आसपासची रात्र सोपी नाही जात. रूममध्ये किटली आहे का, बहुतेक नसते. आणि रिसेप्शन किती वाजेपर्यंत. छोट्या ठिकाणी मालक स्वतः चावी द्यायला थांबतो, सणाच्या दिवसांत त्याला घरी जायची घाई असते, तर तुमच्या ट्रेनची वेळ त्याला आधीच कळवा, उशीर झाला तर फोन करा.

जेवण. रेस्टॉरंटचं किचन दुपारी अडीच-तीनला बंद होतं ते संध्याकाळी सात-साडेसातलाच उघडतं, आणि आपले पोट्टे सहालाच भूक भूक करतात. तेव्हा पोचल्या पोचल्या सुपरमार्केटमधून केळी, दूध, ब्रेड, 'फोकाच्या' नावाचा चपटा पाव उचलून ठेवा. शाकाहारी असाल तर पिझ्झा मार्गेरिता आणि पास्ता अल पोमोदोरो सगळीकडे मिळतो, लसूण चालत असेल तर मारिनारा पिझ्झा पण आहे, त्यात चीजही नसतं. बोलोन्यात तोर्तेल्लिनी या भरलेल्या पास्त्यापासून सावध, छोटी असतात, आत डुकराचं मांस असतं आणि वरून मांसाचा रस्सा, मोठी तोर्तेल्लोनी असतात ती बहुतेक रिकोत्ताची, तरी विचारूनच घ्या. पार्मेजानो चीजमध्ये जनावरांचं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला वासराच्या पोटातून काढलेला पदार्थ, असतं, घरात कोणी कडक पाळत असेल तर वरून घालू नका म्हणून सांगा. आणि घरून नेताना चिवडा, ठेपले, खाकरे बिनधास्त न्या, पण खव्याची मिठाई नको, संत्रा बर्फीत खवा असेल तर ती पण घरीच ठेवा, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

गाडी भाड्याने घ्यायचा विचार करणाऱ्यांना एकच सांगते, एका रात्रीसाठी ट्रेनच बरी. जुन्या गावांत झेडटीएल म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग असतो, कॅमेरा फोटो काढतो आणि दंड महिन्यांनी घरी येतो, वर बऱ्याच रस्त्यांवर १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल विंटर टायर नाहीतर चेन सक्तीची.

ट्रेनचं तिकीट जितकं आधी तितकं स्वस्त. पण युरोपभर रेल्वेचं टाइमटेबल डिसेंबरच्या मध्यात बदलतं, त्यामुळं फार आधी शोधलं तर त्यानंतरच्या तारखांना काहीच दिसत नाही. घाबरू नका, गाड्या टाकल्या की दिसतात, आठवड्यातून एकदा बघत राहा. ट्रेनइतालिया या तिथल्या रेल्वे कंपनीची 'बिंबी ग्रातिस' ऑफर पण बघा, मोठ्या माणसासोबत १५ वर्षांखालची मुलं फुकट अशी, अटी वाचून घ्या. व्हिसासाठी प्रत्येक रात्रीचं बुकिंग दाखवायला लागतं, तर ही मधली रात्र फुकट कॅन्सल होणारीच घ्या, ट्रेन दिसायला लागल्या की हॉटेल बदलता येतं.

बॅगेचं पण आधीच ठरवा. त्या एका रात्रीचे सगळ्यांचे कपडे, औषधं, टूथब्रश, चार्जर एकाच छोट्या बॅगेत भरा, मोठ्या बॅगा उघडायच्याच नाहीत. आणि दुसऱ्या दिवशीची गाडी सकाळी सातची घेऊ नका, तिकडं डिसेंबरात पावणेआठच्या आसपास सूर्य उगवतो, आणि साडेचार-पावणेपाचला परत मावळतो. आदल्या दिवशी दुपारी दोनच्या आत पोचा आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराची गाडी धरा, म्हणजे दोन्हीकडचा उजेड हातात येतो आणि आईबाबांचा चहा पण शांतपणे होतो.