बागेत रॅम्प आहे, तरी मावशी फाटकाबाहेर: या चुका टाळा

मावशीला अर्धांगवायूचा झटका आला त्याला तीन पावसाळे झाले. चाकाची खुर्ची घरात आल्यावर तिनं एकच गोष्ट मागितली. "संध्याकाळी एकदा बागेत ने रे. पोरं खेळताना बघू दे की." आमच्या भागातल्या बागेत नुकताच रॅम्प झाला होता, निळ्या पाटीवर खुर्चीचं चित्रही लागलं होतं. म्हणून नेलं. दारात लोखंडी फिरतं फाटक, एकेक माणूस अंग चोरून आत जाईल असं. शेजारच्या मोठ्या फाटकाला कुलूप. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन जेवायला गेलेला. तो नवा रॅम्प आम्हाला सळ्यांमधून दिसत होता, वीस पावलांवर.

मी बांधकामावर सुपरवायझर आहे, टेप कायम खिशात असतो. त्या दिवसापासून बेळगाव, खानापूर, निपाणी, जिथं जाईन तिथली बाग मोजून बघतो. बहुतेक ठिकाणी पैसा खर्च झालेला असतो, पण साखळी कुठंतरी तुटलेली असते. रस्ता, फाटक, पायवाट, झोपाळा, बाक, शौचालय यातली एक कडी निखळली तरी बाकीचा खर्च वाया जातो.

फाटकापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथूनच परत फिरतात. फिरतं फाटक बसवण्यामागचं कारण खोटं नाही. मोकाट जनावरं आत येतात, पोरं मोटारसायकली घालतात. पण ज्या फटीतून मोटारसायकल जात नाही, तिच्यातून खुर्ची, बाळाची गाडी किंवा कुबड्या घेतलेला माणूसही जात नाही. फिरत्या फाटकाशेजारी निदान तीन फूट, म्हणजे ९०० मि.मी. मोकळी जागा देणारं छोटं दार हवंच, आणि बाग उघडी असेपर्यंत त्याला कुलूप नको. खांब रोवायचे असतील तर दोन खांबांत चार फूट अंतर ठेवा. त्यातून स्कूटर शिरेल, हे मान्य. खुर्चीला वाट देऊन स्कूटर अडवणारं माप मला अजून सापडलेलं नाही. स्कूटरवाल्याला दंड करा, त्याची शिक्षा खुर्चीतल्या माणसाला नको.

आता रॅम्प. इथं गवंडी चुकतो असं लोक म्हणतात, पण चूक बहुधा नकाशातच असते. माप सोपं आहे: एक इंच उंचीला एक फूट लांबी. कागदावर यालाच १:१२ म्हणतात. तीन पायऱ्यांची उंची १८ इंच असेल तर रॅम्प १८ फूट लांब लागतो. मी मोजलेल्या एका रॅम्पची उंची १८ इंच होती आणि लांबी सहा फूट, म्हणजे १:४. त्यावरून मावशीला एकट्यानं वर नेणं मला जमलं नाही. खाली आणताना तर खुर्ची उलटी धरून, पाठीनं रेटा घेत उतरावं लागलं. वर पुन्हा चकचकीत ग्रॅनाईट, पाऊस पडला की तेल सांडल्यासारखं.

असा रॅम्प आधीच बांधून झाला असेल तर दोन उपाय आहेत. जागा असेल तर तो वळवून लांब करा, आणि वळणावर खुर्ची फिरेल एवढा, १५०० मि.मी. लांब-रुंद सपाट चौथरा द्या. मला दुसरा उपाय जास्त पटतो. भराव घालून पायवाटच हळूहळू चढवत न्यायची. १:२० धरलं तर १८ इंचांना ३० फूट लागतात. मग पायऱ्याही नकोत आणि वेगळा रॅम्पही नको, आजी-आजोबा, बाळाची गाडी आणि खुर्ची सगळे एकाच वाटेनं जातात. ग्रॅनाईट काढता येत नसेल तर त्याला छिन्नीनं टाकी लावून पृष्ठभाग खरबरीत करून घ्या. कठडा दोन्ही बाजूंना हवा, तोही दोन उंचींवर: एक उभ्या माणसासाठी, एक खुर्चीतल्यासाठी आणि लहान मुलांसाठी.

आपल्याकडची खरी परीक्षा मात्र जूनमध्ये सुरू होते. खानापूरकडे तर पाऊस मोजायलाच नको. तांबडी माती वाहून वाटेच्या पेव्हरवर, म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसते, त्यावर शेवाळ धरतं, आणि मार्चमध्ये झकास असलेली वाट जुलैत कुणाचं तरी खुब्याचं हाड मोडते. वाटेला एका बाजूला अगदी हलका उतार द्या, पन्नास फुटांना एक फूट या प्रमाणात. कडेची गटार मेअखेर साफ झाली पाहिजे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी ब्लीचिंग पावडर टाकून कडक ब्रशनं वाट घासा. पेव्हर खचतात ते बहुधा कडेला काँक्रीटची पट्टी नसल्यामुळे. खालची कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, पावसात निसटते आणि पेव्हर डुलायला लागतो. सगळी वाट उकरायची गरज नसते. डुलणारे पेव्हर तेवढे उचला, खालचा थर ठोकून घट्ट करा, कच भरा आणि कड बांधा. अर्ध्या इंचाच्या उंचवट्याला खुर्चीची पुढची छोटी चाकं अडतात आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. झाडाच्या मुळांनी वाट उचलली असेल तर मुळं तोडू नका, वाट थोडी सरकवा.

घसरगुंडीखाली वाळू असावी, पडलेलं पोर वाचतं. पण त्या वाळूत चाकं रुततात, म्हणून झोपाळ्यापर्यंत एक पक्की पट्टी काढा. पाठ आणि पट्टा असलेला झोपाळा बसवला असेल तर तो कोपऱ्यात, जाळीच्या आत नको. बाकीच्या झोपाळ्यांच्याच रांगेत हवा. बहीण इकडं आणि भाऊ तिकडं एकटा झुलतोय, याला एकत्र खेळणं कसं म्हणायचं?

अंधांना वाट कळावी म्हणून लावलेल्या उठावाच्या पिवळ्या फरश्या आता सगळीकडं दिसतात. जपानच्या ओकायामा शहरात १९६७ साली अंधशाळेजवळ त्या पहिल्यांदा बसवल्या. लांब पट्ट्यांची फरशी सांगते 'चालत राहा', ठिपक्यांची सांगते 'थांब, पुढे काहीतरी आहे'. शोभा म्हणून सगळ्या वाटेला ठिपके लावले तर पांढऱ्या काठीवाल्याला काहीच कळत नाही. पट्ट्यांची रांग थेट विजेच्या खांबात घुसलेलीही मी पाहिली आहे. कंत्राटदाराचं बिल मंजूर होण्याआधी काठी वापरणाऱ्या एका माणसाला ती वाट चालायला लावा. दहा मिनिटांचं काम आहे.

बाकाला हात आणि पाठ असू द्या. निपाणीत दिवसभर खाली बसून विड्या वळणाऱ्या बायकांना, बेळगावच्या शहापूर-वडगावात मागावर कंबर मोडलेल्या म्हाताऱ्यांना बिनहाताच्या बाकावरून उठताना काय यातना होतात ते त्यांना विचारा. बाकाशेजारी खुर्ची मावेल एवढी फरसबंद जागा सोडा, म्हणजे दोघांना शेजारी बसून बोलता येतं. दिव्यांगांच्या शौचालयात झाडू आणि गवतकापणी यंत्र ठेवू नका, आणि त्याचं दार बाहेर उघडणारं हवं.

पाट्यांचं बोलायलाच हवं. सूचना फक्त कन्नडमध्ये असतील तर इथल्या कितीतरी मराठी आजींना शौचालय कुठं आणि धोका कुठं हे कळत नाही. अक्षर न येणाऱ्या कन्नड आजींचंही तेच. मराठी पाटीची मागणी रास्तच आहे, मी स्वतः करतो. ती मान्य होईपर्यंत निदान मोठी, ठळक चित्रं लागली तर दोघींची सोय होते.

हे कुणाकडं उपकार म्हणून मागायचं नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात करमणुकीचा हक्क कलम २९ मध्ये आहे. कलम ४५ नं जुन्या सार्वजनिक वास्तू सुगम करायला नियम झाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. अर्जात ही कलमं लिहा. शेजारचा कुणीतरी कन्नडमध्ये उतरवून देतो, दोन्ही प्रती जोडा. 'रॅम्प चांगला नाही' असं लिहू नका, उंची आणि लांबी लिहा. टेप लावलेल्या अवस्थेत फोटो काढा, आकडा दिसला पाहिजे. पोचपावती घ्या. आणि हे सगळं फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, कारण एकदा पाऊस लागला की दिवाळीपर्यंत त्या वाटेला कुणी हात लावत नाही.