पेटी-तबला शिकताना आणि मंडईत नाटक ऐकताना या चुका टाळा

दिवाळी झाली की भंडारा-गोंदिया, चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते. दिवसा दंडार (आपल्याकडचं लोकनाट्य), रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे या पट्ट्यातलंच, नाटक, आणि ते पाहून आलेल्या पोट्ट्यांपैकी दोन-चार जण तरी दरवर्षी म्हणतात की आता पेटी शिकतो, तबला शिकतो. हौस खरी असते. पण उन्हाळा लागेपर्यंत वाद्य माळ्यावर जाते आणि घरचे म्हणतात, याच्या अंगात कलाच नाही. मला हे अजिबात पटत नाही, कारण बहुतेक वेळा कमी त्या पोराच्या बोटात नसतेच. वाद्य चुकीच्या पट्टीचं, म्हणजे चुकीच्या सुराचं, घेतलेलं असते, नाहीतर हवेनं बिघडलेलं असते, नाहीतर पोरगं एकटंच खोलीत मोबाईल पाहून शिकत असते आणि कोणासोबत वाजवायलाच जात नाही.

पट्टी न विचारता तबला घेऊन येणं

सगळ्यात जास्त पैसा इथंच वाया जाते. दुकानात गेलं, "एक चांगला तबला द्या" म्हटलं, त्यानं दिला तो आणला. अरे पण तबल्याला स्वतःची पट्टी असते ना. तोंड लहान तर सूर उंच, तोंड मोठं तर सूर खाली. काळी 1 (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर) साठी बनवलेला तबला अर्धा-एक सूर वर-खाली होते, त्याच्यापुढं नाही. तुमच्या भजन मंडळाचे मुख्य गायक पांढरी 4 मध्ये गात असले आणि तुम्ही तोच तबला ठोकून ठोकून तिथपर्यंत न्यायला गेले की पुडी, म्हणजे वरचं कातडं, फाटली म्हणून समजा.

म्हणून वाद्य घ्यायच्या आधी जिथं वाजवायचं आहे तिथं जाऊन बसा आणि पेटीमास्तरला विचारा, "मास्तर, आपली पट्टी कोणती?" मोबाईलच्या ट्यूनरवर इंग्रजी अक्षरं येतात त्यानं अजून घोळ होते, तर हे लिहूनच ठेवा : पांढरी 1 म्हणजे सी, काळी 1 सी शार्प, पांढरी 2 डी, पांढरी 4 एफ, पांढरी 5 जी, काळी 4 जी शार्प, काळी 5 ए शार्प. कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून टाका.

जुनी पेटी घेत असाल तर (आणि नवशिक्यानं जुनी पण चांगली घेतलेलीच बरी, नवीन स्वस्तातली घेऊ नका) वाजवून पाहायच्या आधी सगळे स्टॉपर (हवा सोडायच्या समोरच्या खुंट्या) बंद करा आणि भाता भरा. हवा आत टिकली पाहिजे. सुं-सुं आवाज येत असला आणि हवा लगेच निघून जात असली तर भाता गळका आहे, वरचं पॉलिश कितीही चमको. मग एकेक पट्टी, म्हणजे बोटानं वाजवायची ती, सावकाश दाबून पाहा, खालच्या सप्तकातल्या पण, कारण विकणारा मधलेच सूर वाजवून दाखवते.

तबला लागत नाही म्हणून गट्टेच ठोकत बसणं

गट्टे, म्हणजे बाजूच्या वाद्यांखाली अडकवलेले लाकडी ठोकळे, मोठ्या फरकासाठी आहेत. पट्टी जवळपास बरोबर असेल तर हातोडी गजऱ्यावर (पुडीच्या काठाच्या गुंफलेल्या कड्यावर) चालवायची, वरून हलका ठोका दिला की सूर चढते, खालून दिला की उतरते. तबल्याला गजऱ्यावर वाद्यांच्या मधली 16 घरं असतात, आणि चूक अशी होते की ज्या घराचा सूर उतरलेला वाटते तिथंच माणूस ठोकत राहते, मग ते एक घर चढते आणि बाकीचे तसेच. एका घराला ठोकलं की समोरासमोरच्या घराला ठोका, मग आडव्या दोन घरांना, आणि दर वेळी चाटेवर (पुडीच्या काठाच्या पट्टीवर) बोट मारून ऐका. घाई करू नका. पेटीचा एक सूर कोणाला तरी धरून ठेवायला सांगा, मोबाईलच्या काट्यापेक्षा कानानं लावायची सवय पहिल्या महिन्यापासून लावा.

आपल्याकडचं ऊन, कूलर आणि पावसाळा

हे मी जरा लांबण लावून सांगणार आहे कारण पुण्या-मुंबईच्या व्हिडीओत कोणी हे सांगत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जाते, टिनाच्या खोलीत तर विचारूच नका. कातडं सुकून आकसते, ताण वाढते, आणि रात्री बरोबर लावून ठेवलेल्या तबल्याची पुडी दुसऱ्या दिवशी दुपारी आपोआप तडकलेली सापडते. उन्हाळ्यात वाजवणं झालं की तबला थोडा उतरवून ठेवा, गट्टे हातोडीनं जरासे वर सरकवले की झालं, आणि जाड सुती खोळीत घालून मधल्या खोलीत ठेवा. भिंतीला टेकवून नको, उधई लागते.

मग लोकं काय करतात, वाद्य गरम होऊ नये म्हणून कूलरसमोर ठेवतात! ती तर अजूनच मोठी चूक. कूलरची हवा ओली असते. पेटीचं लाकूड ती ओल पिते, पट्ट्या फुगतात आणि दाबल्या की वर येत नाहीत, आतल्या पितळी सुरांवर (आवाज काढणाऱ्या पातींवर) हिरवट थर चढते, स्प्रिंगा गंजतात. कूलरच्या खोलीत रियाज करा पण वाद्य हवेच्या झोतात नको आणि रियाज झाला की दुसऱ्या खोलीत न्या.

पावसाळ्यात उलटं होते. कातडं ढिलं पडते, तबला भद्-भद् बोलते. अशा वेळी तबला चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका, शाई (पुडीवरचा काळा गोल थर) तडकते, आणि एकदा शाईचे तुकडे निघाले की ती पुडी गेलीच. खंजिरी आणि डफाचं वेगळं आहे. त्यांच्यावर शाई नसते, म्हणून कातड्याची खंजिरी विस्तवापासून हातभर लांब धरून फिरवत शेकतात ते बरोबर आहे. आजकाल प्लास्टिकच्या पानाची खंजिरी मिळते, ती मात्र चुकूनही शेकू नका.

पेटीचा एखादा सूर न दाबता वाजत असला तर बहुतेक त्या पट्टीखाली कचरा अडकलेला असते किंवा स्प्रिंग ढिली झालेली असते. वरची पट्टी काढून ब्रशनं साफ करून पाहा. सूर फाटल्यासारखा वाजत असला तर त्याच्यात पिन घालून खरवडू नका, पितळेची पात जराशी घासली तरी सूर कायमचा बदलते. ते काम कारागिराचंच. आणि पेटी बंद करताना भाता भरलेला असताना कडी लावू नका, आधी दोन-तीन पट्ट्या दाबून हवा जाऊ द्या.

रियाजात

पहिली गोष्ट, लय पळवणं. केरवा 8 मात्रांचा, दादरा 6 मात्रांचा, दोन्ही सोपे वाटतात म्हणून पोट्टे दुसऱ्याच दिवशी भरधाव सुटतात आणि समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येता येता एक मात्रा खाऊन टाकतात. मोबाईलमध्ये लेहऱ्याचं (तालासोबत फिरत राहणाऱ्या धुनेचं) ॲप घ्या, मिनिटाला 60 मात्रा ठेवा आणि हातानं टाळी देत बोल तोंडानं म्हणा. तोंडात बसलं नाही ते हातात बसत नाही.

दुसरं म्हणजे दहा चॅनलवरून शिकणं. एकाचे बोल एक, दुसऱ्याच्या घराण्याचे दुसरे, हाताची ठेवण पण वेगळी, मग कोणतंच पक्कं होत नाही. एक शिकवणारा धरा. गावात कोणी नसेल तर तालुक्याला आठवड्यातून एकदा जा, पण समोरासमोर हात पाहणारं माणूस पाहिजे.

आणि तिसरं, ज्याचं मला खरंच वाईट वाटते. पक्कं आल्यावरच चारचौघात वाजवीन म्हणून पोरं घरीच बसून राहतात. आपल्याकडे गावोगावी गुरुदेव सेवा मंडळाची संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना होते, खंजिरी घेऊन भजन करणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ही परंपरा लावून दिली. नवशिक्यासाठी याच्याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. पहिले काही दिवस फक्त टाळ धरा. टाळ सोपा नाही बरं, लय तिथंच कळते. मग तबल्यावर बसायला मिळालं की गायक शब्द म्हणत असताना साधा ठेका धरा, लग्ग्या आणि तुकडे (ठेक्यात भरायची जलद, सजवलेली वाजवणी) शब्द संपल्यावर. भजनात शब्द ऐकू नाही आले तर तुमची तयारी कोणाच्या काय कामाची?

नाटकाला, उत्सवाला जाताना

शिकणाऱ्यानं ऐकायला गेलंच पाहिजे, आणि ऐकायला जाऊन फक्त मोबाईलमध्ये शूटिंग करत राहणं ही तिथली सगळ्यात मोठी चूक. एखादं पद आवडलं तर तेवढ्याचा आवाज रेकॉर्ड करा, बाकी वेळ वाजवणाऱ्याच्या हाताकडे पाहा. झाडीपट्टीच्या नाटकात संगीत तिथंच समोर वाजत असते. ऑर्गनवाला नटाचं पद सुरू व्हायच्या आधी सूर कसा देते, नट वरच्या पट्टीत सटकला तर त्याला कसं सांभाळून घेते, संवाद चालू असताना तबलजी हात कसा थांबवून ठेवते, हे कोणत्याच व्हिडीओत दिसत नाही कारण कॅमेरा नटावर असते. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा म्हणजे ह्या नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं, तिथून निघून त्या सीझनभर रोज वेगळ्या गावी वाजवतात. एवढा सराव असलेले हात आपल्या गावात येऊन बसतात, त्याचा फायदा घ्या.

बसायची जागा नीट निवडा. स्पीकरच्या भिंतीसमोर बसू नका, विशेषतः लेकरं घेऊन. 85 डेसिबलला कान 8 तास टिकाव धरतात पण 100 डेसिबलला 15 मिनिटांतच धोका सुरू होते, आणि नाटक तर रात्रभर चालते. कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं की तिथून उठा. संगीतवाले दिसतील अशी, स्पीकरपासून बाजूची जागा संध्याकाळीच पाहून ठेवा. डिसेंबरच्या रात्री झाडीत थंडी कडाक्याची पडते, ब्लँकेट न नेणारे दुसऱ्या अंकालाच घरी जातात.

अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला गुरुकुंजात, म्हणजे तुकडोजी महाराजांच्या आश्रमात, त्यांच्या पुण्यतिथीला जात असाल तर दुपारी 4 वाजून 58 मिनिटांच्या मौन श्रद्धांजलीच्या चांगलं आधी पोचा. त्या वेळी जो जिथं असते तिथंच स्तब्ध उभा राहते, म्हणून तेव्हा गर्दीत शिरत जागा शोधायला निघू नका. ठिकठिकाणची भजन मंडळं तिथं येतात. एकाच मंडपात बसून राहू नका, फिरा, वेगवेगळ्या गावांची खंजिरीवरची बोटं पाहा.

वाजवणाऱ्यांना काही विचारायचं असलं तर वेळ पाहून विचारा. नाटक सुरू व्हायच्या आधी ते वाद्य लावून राहिले असतात, पहाटे संपलं की सामान गाडीत चढवून पुढच्या गावी जायची घाई असते. कंपनी गावात दुपारी येते आणि जेवण करून निवांत बसते, तेव्हा चहा घेऊन जा. त्यांच्या वाद्याला आपण होऊन हात लावू नका, आपला तबला सोबत न्या आणि म्हणा, दादा, माझा हात पाहून द्या ना.