माशांच्या टाकीसाठी पाणी निवडताना या चुका टाळा

नवी टाकी घेणारी मंडळी फिल्टर कोणता, दिवे कोणते, मासे कुठले यावर महिनाभर डोकं खपवतात. पाणी मात्र हाताशी असेल ते. मासे मरायला लागले की विचारतात, "औषध कोणतं टाकू?" माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: पाणी कुठलं आहे? उत्तर येतं, "साधंच आहे." नळाचं, बोअरचं, आरओचं, पावसाचं, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ती मासे आणायच्या आधी ओळखायला हवी.

"आम्ही पितो तेच आरओचं पाणी घातलंय"

ही चूक प्रेमापोटी होते, म्हणूनच सुटता सुटत नाही. आरओमध्ये पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम निघून जातं आणि बायकार्बोनेटही निघून जातं. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते दाखवणारा आकडा, धरून ठेवण्याचं काम या बायकार्बोनेटचं. पाणी तपासायच्या किटमध्ये ते केएच म्हणून मोजतात. टाकीतले जिवाणू माशांच्या अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, तेव्हा आम्ल तयार होतं. ते आम्ल केएच खात राहतं: अमोनियातल्या 1 मिलिग्रॅम नायट्रोजनमागे साधारण 7 मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे हेच केएच, खर्च होते. आरओच्या पाण्यात ही शिल्लक जवळजवळ शून्य असते.

माझ्या एका मित्राने मॉली आणि गप्पी मासे निव्वळ आरओच्या पाण्यात ठेवले होते. सुरुवातीला सगळं छान. मग मॉली पर मिटून जागच्या जागी डोलायला लागल्या. केएचच्या किटमध्ये पाणी आधी निळं होतं आणि ते पिवळं होईपर्यंत थेंब मोजायचे असतात. त्याच्या पाण्यात निळा रंग आलाच नाही, पहिल्याच थेंबाला पिवळं. पीएच 6 च्या आसपास, आणि अमोनिया भरपूर, कारण इतक्या आम्लात जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं. मी त्याला सांगितलं होतं, खाणं बंद कर आणि रोज थोडंथोडंच पाणी बदल. त्याला धीर धरवला नाही. त्याच रात्री त्याने अर्धी टाकी उपसली आणि बोअरचं पाणी भरलं. सकाळी गप्पी वर येऊन तोंडं उघडत होते, दुपारपर्यंत बहुतेक गेले.

बोअरच्या पाण्यात दोष नव्हता. पीएच 6 ला अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियम रूपात असतो आणि त्याचा माशांना फारसा त्रास होत नाही. पीएच 8 कडे गेला की त्यातला विषारी भाग सुमारे शंभर पटींनी वाढतो. म्हणून अशा टाकीत मी एका वेळी दहा टक्क्यांहून जास्त पाणी बदलत नाही, आणि अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर (पाणी माशांजोगं करणारं द्रावण) घातल्याशिवाय तर नाहीच. आरओ वापरायचंच असेल तर नळाच्या पाण्यात मिसळा किंवा त्यात माशांसाठीचे क्षार घाला. कमी क्षारांचं पाणी लागणाऱ्या डिस्कससारख्या माशांसाठी ते उपयोगी आहे. मॉली-गप्पींना जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणीच मानवतं, त्यांच्यासाठी हा खटाटोप कशाला?

"रात्रभर बादलीत ठेवलं की क्लोरीन उडून जातो"

साधा क्लोरीन उडतो, हे खरं. एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून एक दिवस ठेवलं तर बहुतेक जातोच. पण बऱ्याच ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, घालतात, आणि ते मुद्दाम टिकाऊ असतं. ते दिवसभरात उडत नाही. त्याचा फटका कल्ल्यांनाही बसतो आणि फिल्टरमधल्या जिवाणूंनाही. पाणीपुरवठा खात्याला विचारा, नाहीतर एकूण क्लोरीन आणि मुक्त क्लोरीन दोन्ही दाखवणारी पट्टी आणा. एकूण आकडा मुक्त क्लोरीनपेक्षा बराच जास्त आला तर क्लोरामाइन आहे असं धरून चाला.

यात आणखी एक मेख आहे. क्लोरीन घालवणाऱ्या स्वस्त अँटीक्लोरीनमध्ये बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं. ते क्लोरामाइन तोडतं, पण सुटलेला अमोनिया पाण्यातच राहतो. तेव्हा अमोनियाही बांधतो असं स्पष्ट लिहिलेलं कंडिशनरच घ्या. आणि पाइप थेट टाकीत सोडणार असाल तर मात्रा नव्या पाण्यापुरती काढू नका, अख्ख्या टाकीची काढा. पाणी सोडायच्या आधी घाला. मी तरी बादलीतच पाणी तयार करतो. घाई असेल त्या दिवशी पाणी न बदललेलं परवडतं.

बोअरचं पाणी उपसल्याबरोबर तपासू नका. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे ताज्या पाण्याचा पीएच कमी दिसतो. एअर पंप लावून एक दिवस ठेवा आणि मग मोजा. तोच खरा आकडा. पाणी ठेवल्यावर तांबूस गाळ बसला तर त्यात लोह आहे, ते गाळून काढल्याशिवाय वापरू नका. नायट्रेटही एकदा तपासून घ्या, शेतीच्या आसपास ते बरंच असू शकतं.

पीएच वाढवणाऱ्या-उतरवणाऱ्या बाटल्या मला अजिबात पटत नाहीत. केएच चांगलं असेल तर पीएच पुन्हा मूळ जागी येतो, आणि या चढउतारात माशांचे हाल होतात. नळाला 7.8 येत असेल तर 7.8 ला सुखाने राहणारे मासे निवडा.

गिझरचं पाणी सरसकट घालू नका. तांब्याच्या नळ्यांतून आलेल्या गरम पाण्यात तांबं उतरू शकतं, आणि कोळंबी-गोगलगाईंना ते थोडंसंही सोसत नाही.

वॉटर सॉफ्टनरचं पाणी म्हणजे आरओ नव्हे. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं.

इमारतीची पाण्याची मोठी टाकी धुऊन ब्लीचिंग पावडर मारली असेल तर पुढचे काही दिवस माशांच्या टाकीतलं पाणी बदलायचं पुढे ढकला.

पावसाचं पाणी धरायचं तर पहिल्या सरी वाहून जाऊ द्या. जस्त चढवलेल्या पत्र्यावरून आलेलं पाणी नकोच. आणि केएच मोजल्याशिवाय तेही टाकीत घालू नका, कारण क्षारांच्या बाबतीत ते आरओइतकंच रिकामं असतं.