फ्रेंचमधील आठ अवयवांचा शब्द आणि एक चुकीचा अनुस्वार

डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेत बी-२ पातळीवर तोंडी परीक्षेच्या तयारीसाठी ३० मिनिटे मिळतात. सराव परीक्षेत ती सगळी मी मुद्दे लिहिण्यात घालवली आणि 'संस्थात्मकीकरण' या अर्थाचा institutionnalisation हा २१ अक्षरांचा फ्रेंच शब्द एकदाही मोठ्याने म्हणून पाहिला नाही. आयत्या वेळी मी 'अँस्तित्युस्यॉं' म्हणून थबकले आणि मग 'नालिझास्यॉं' जोडले. परीक्षिकेला वाटले की मी 'संस्था' म्हणून थांबले आहे. उरलेला भाग तिला कळलाच नाही.

चूक वहीतच झाली होती. ओळीच्या शेवटी शब्द तोडताना फ्रेंचमध्ये जुळ्या व्यंजनांपैकी एक अलीकडे ठेवतात आणि दुसरे पलीकडे नेतात. त्या नियमाने तोडलेल्या शब्दात (ins-ti-tu-tion-na-li-sa-tion) चौथा तुकडा हुबेहूब शेवटच्या तुकड्यासारखा दिसतो, म्हणून मी दोन्हींवर अनुस्वार दिला. बोलताना मात्र दोन 'एन' मिळून एकच न् उरतो, तो पुढच्या 'आ'ला जाऊन मिळतो आणि त्याच्या मागचा स्वर नाकात जात नाही. 'चांगला' याचे पुल्लिंगी रूप 'बॉं' आणि स्त्रीलिंगी 'बॉन' होते, त्यातला फरक हाच. म्हणून आठ अवयवांचा, म्हणजे उच्चाराच्या आठ तुकड्यांचा, उच्चार असा: अँस्-ति-त्यु-स्यॉ-ना-लि-झा-स्यॉं. अनुनासिक स्वर पहिल्या आणि आठव्या अवयवातच आहेत, अधेमधे कोठेही नाहीत.

शेवटच्या 'स्यॉं'मध्ये जीभ टाळूला लागता कामा नये. 'अंक', 'अंत', 'अंबा' म्हणताना आपण अनुस्वाराचा ङ्, न् किंवा म् करतो, आणि ती सवय येथे नडते. वर्गातल्या गोव्याच्या मैत्रिणीला हे जड गेले नाही, कारण कोकणीत 'हांव' म्हणताना स्वरच नाकातून येतो. तिसऱ्या अवयवातला स्वर देवनागरीत लिहिताच येत नाही: जीभ 'ई'ची ठेवावी आणि ओठ 'ऊ'चे करावेत.

शब्दाखाली देवनागरी लिहून देणारे शिक्षक मला आवडत नाहीत, जरी वर मी तेच केले आहे. त्यापेक्षा शब्द शेवटाकडून बांधावा: स्यॉं, झास्यॉं, लिझास्यॉं, नालिझास्यॉं. आघात शेवटच्या अवयवावर असल्यामुळे तो आपोआप जागी बसतो. घाबरण्याचे कारण नाही, माझी जीभ चार दिवसांत वळली. मात्र हे चार दिवस परीक्षेच्या आधीचे असावेत. माझ्या वहीत चौथ्या अवयवावरचा अनुस्वार इतक्या जोराने खोडलेला आहे की तेथे कागद फाटला आहे.